सत्तावीस गुंते

एकूण सत्तावीस गुंते होते. कानांमागे दोन, हनुवटीखाली एक, पुढच्या दोन्ही काखांत मिळून चार, छातीवर तीन, पोटावर नऊ, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला सहा आणि शेपटीखाली दोन. सगळ्यांत लहान वाटाण्याएवढा होता. सगळ्यांत मोठा डाव्या काखेत, साडेचार सेंटिमीटर लांब, आणि इतका घट्ट की चिमटीत धरला तर आत हाड असावं असं वाटे. पाठीवर एकही नव्हता. पाठ रेशमासारखी होती, कारण बाबा रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या मांजरीची, गुंडीची, पाठ विंचरत.

मी दोन वर्षं शिकायला बाहेर होते. पदवी घेऊन परत आले, इथल्याच एका कापड तपासणी प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गुंडीला उचलायला गेले. तिनं माझ्या अंगठ्यात दात रोवले. चौदा वर्षांत ती मला कधी चावली नव्हती.

"बाबा, हिला पोटाकडून विंचरता का?"

"करू देत नाही ती."

"कधीपासून?"

"स्वभावच आहे तिचा. तुझ्यासारखा. पोटातलं कुणाला दाखवायचं नाही."

बाबा चाळीस वर्षं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापत होते. एका वेळी ऐंशी थर, वर खडूची रेघ, आणि रेघेबाहेर एक दोरा गेलेला चालायचा नाही. गल्लीत त्यांना अजून मास्तरच म्हणतात. गुंडी त्यांना तिथेच सापडली होती, अस्तराच्या गठ्ठ्यात, शर्टाच्या गुंडीसारखी गोल होऊन झोपलेली. आता बाबांचे हात थरथरतात. मी घड्याळ लावून मोजलं आहे, सेकंदाला साधारण पाच वेळा. कात्री त्यांनी तीन वर्षांपूर्वीच गुंडाळून वर ठेवली. घरात ते आणि मांजर, एवढेच. बोलायला समोर कुणी लागतं म्हणून ते तिच्याशी बोलत, आणि ती उत्तर देत नाही म्हणून तिच्या वतीनं उत्तरही देत.

गुंते कसे झाले हे समजायला अवघड नव्हतं. तिच्या कमरेचे सांधे धरले होते, त्यामुळे वाकून पोट चाटता येत नव्हतं. गळलेले केस जागेवरच राहत, नव्या केसांत अडकत, ती कूस बदलली की पिळले जात. पाठ मात्र बाबा विंचरत होते, म्हणून वरून सगळं ठीक दिसत होतं.

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून डोकावल्या. "मास्तर, न्हाव्याकडे न्या की तिला. खुर्ची तेवढी लहान लागेल."

"त्याला विचारलं मी," बाबा म्हणाले. "तो म्हणाला, आधी वरच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाचं उरकतो."

काकू हसत वर गेल्या. आम्ही गुंडीला पिशवीत घालून डॉक्टरबाईंकडे निघालो.

डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर आडवं केलं, रक्त घेतलं, आणि अहवाल आल्यावर चष्मा कपाळावर सरकवला.

"मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेली आहेत हिची. भूल दिली तर मी अर्ध्या तासात सगळं साफ करून देते. पण ही उठेल, आणि उठल्यावर उरलेली मूत्रपिंडं चालतील, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही."

"आणि तसंच ठेवलं तर?" मी विचारलं.

"कातडी ओढली जातेय. खाली हवा लागत नाही, ओल धरते. डाव्या काखेत लाल झालंच आहे, बघा. तिथे फाटलं की मग भूल द्यायची की नाही हा प्रश्नच उरणार नाही."

"जागेपणी हातानं सोडवले तर?"

"तुमच्याकडे वेळ आणि मलमपट्टी दोन्ही भरपूर असेल तर करून बघा. फक्त कात्री लावू नका. गुंत्याबरोबर कातडी वर उचलली जाते, आणि मांजराची कातडी म्हणजे कागद."

"कात्रीचं मला सांगताय?" बाबा म्हणाले. मग स्वतःच्या हाताकडे पाहून त्यांनी तो खिशात घातला.

म्हणजे काम एवढंच होतं: काखेतली कातडी फाटायच्या आत सत्तावीस गुंते सोडवायचे. मी एक वही घेतली.

आम्ही रोज संध्याकाळी मी कामावरून आल्यावर बसायचो. बाबा तिला मांडीवर उताणी धरत. ती फक्त त्यांनाच धरू देत होती. मला वाटलं होतं, थरथरणाऱ्या हातात ती बिचकेल. उलट त्या हातांत ती लवकर शांत व्हायची. मी गुंत्यावर मक्याचं कोरडं पीठ भुरभुरवायचे, मुळाशी दोन बोटांनी केस घट्ट धरायचे म्हणजे ओढ कातडीपर्यंत जाऊ नये, आणि बोथट सुईनं एकेक बट मोकळी करायचे. पहिल्या दिवशी मी गुंत्याच्या मध्यात सुई घातली.

"अगं, मधून काय फोडतेस? कडेनं घे. शिवण उसवताना मधून सुरुवात करतो का आपण?"

"ही शिवण नाही, बाबा."

"कुणीतरी घातलीय ना? मग उसवता येते."

कडेनं घेतलं तर खरंच सुटत होतं. सात मिनिटं झाली की तिची शेपटी आपटायला लागायची, आणि त्यानंतर एक मिनिट जरी ताणलं तरी रक्त निघायचं, माझं. म्हणून दिवसाला सात मिनिटं. दिवसभर बाबांना तिला घरी सांभाळायला सोपं जावं म्हणून मी एका कागदावर अकरा सूचना लिहून फ्रिजवर चिकटवल्या. कात्री नाही. ओढायचं नाही. जेवल्यावर लगेच नाही. लाल जागेला हात नाही. सूचनांना क्रमांक घातले होते.

बाराव्या दिवशी वहीत असं होतं: सोडवलेले चौदा, नवे झालेले सहा, शिल्लक एकोणीस. एका बाजूनं मी सोडवत होते, दुसऱ्या बाजूनं ती झोपेत कूस बदलत होती. याच वेगानं उरलेले संपायला अजून साधारण अठ्ठावीस दिवस लागणार होते. डाव्या काखेतला लाल डाग पहिल्या दिवशी अकरा मिलिमीटर होता, आता एकोणीस. त्या काखेतल्या मोठ्या गुंत्याला ती सुई टेकवू देत नव्हती. दोन्ही रेषा एका आलेखावर काढल्या असत्या तर कुठली आधी पोचते ते दिसलं असतं. मी तो आलेख काढला नाही.

"किती राहिले?" बाबांनी विचारलं.

"एकोणीस."

"काल वीस होते ना?"

"हो."

"मग चाललंय की. एकेकानं का होईना, उतरताहेत."

मी त्यांना डागाचं माप सांगितलं नाही. पण ते रोज तिला धरत होते. दिसत त्यांनाही होतं.

तेराव्या दिवशी मी साडेपाचला घरी आले. दार उघडताच लहान मुलांच्या साबणाचा वास आला. न्हाणीघराची फरशी ओली होती, बादली पालथी घातलेली होती. बाबा खिडकीपाशी बसले होते, मांडीवर टॉवेल, टॉवेलात गुंडी, फक्त तोंड बाहेर. बाबांचा चेहरा उजळलेला होता.

"आलीस? चल, हात धू आणि बस. आज सात मिनिटांत पाच तरी होतील."

"काय केलंत?"

"भिजवली. कोमट पाण्यात, चांगली वीस मिनिटं. प्रत्येक गाठ साबण लावून बोटांनी चोळली, हळूहळू. ओरडली नाही, बघ. मला धरूनच होती. म्हटलं तू येईपर्यंत माल तयार ठेवू."

कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, मग कापायचं. नाहीतर अंगावर गेल्यावर आटतं. बाबांनी हे चाळीस वर्षं केलं होतं आणि हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं होतं. सुती कापडाला ते अगदी बरोबर आहे.

केस सुती नसतो. केसावर खवले असतात, सगळे एकाच दिशेला, माशासारखे. कोमट पाण्यात ते उघडतात. साबणामुळे केस एकमेकांवरून सरकतात. चोळलं की प्रत्येक केस एका दिशेला पुढे जातो, आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाही. आम्ही प्रयोगशाळेत लोकरीच्या कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखतो, कोमट साबणपाण्यात घुसळतो आणि पुन्हा मोजतो. काही नमुने अडतीसवर येतात. नवीन माणसाला हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. माझ्या अकरा सूचनांत पाणी हा शब्द कुठेच नव्हता. लिहायला हवं असं मला वाटलंच नव्हतं.

मी टॉवेल उघडला. पोटावरचे गुंते आता वेगवेगळे उरले नव्हते. छातीपासून मांड्यांपर्यंत एक सलग थर झाला होता, जाड घोंगडीसारखा, आणि त्याच्या कडा काखांत शिरल्या होत्या. मी मोजायला लागले आणि थांबले. गुंडीला खाली ठेवलं तेव्हा तिनं पुढचा पाय उचलला, तो अर्ध्यातच अडला, आणि ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "अजून ओलं आहे का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी खवल्यांचं सांगितलं. शिकवल्यासारखं, क्रमानं, पाणी, साबण, ऊब, चोळणं. बाबा पूर्ण ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी तिला आटवली."

"केस आटत नाहीत, बाबा. सरकतात, आणि परत फिरत नाहीत."

"तेच ते."

ते उठून फ्रिजपाशी गेले. चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"पाण्याचं काही नाही यात. मी आधी दोनदा पाहिलं होतं. आत्ता वाटलं, नजरेतून सुटलं असेल."

"नाही सुटलं. मी लिहिलंच नव्हतं."

"हं," बाबा म्हणाले, आणि कागद एका कोपऱ्यात सुटला होता तो अंगठ्यानं दाबून परत चिकटवला.

सकाळी डाव्या काखेत कातडी फाटली होती. बावीस मिलिमीटर. आम्ही आठ वाजता दवाखान्याच्या पायरीवर होतो. डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि कुणाला काही विचारलं नाही. आधी सलाइन, मग भूल. बाबांना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. बाबा म्हणाले, "मी धरतो तिला," आणि आतच राहिले.

यंत्राचं पातं थराखाली सरकत होतं, पण काखेपाशी अडलं. तिथे घडी पडली होती आणि कातडी कुठे संपते ते कळत नव्हतं. डॉक्टरबाई दोनदा थांबल्या.

"तिथून सरळ जाऊ नका," बाबा म्हणाले. "बाहीसारखं करा. काखेत सरळ कापलं तर ओढ बसते. खालून वळसा घेऊन वर या. हां, असं. आता पाय थोडा मागे. आता सोडा."

"तुम्ही कुठे शिकलात हे?"

"शाळेतल्या पोरांवर. दर जूनला पाच हजार काखा."

डॉक्टरबाई हसल्या, आणि पातं बाबांनी सांगितलं तसं वळवलं. थर अखंड निघाला, एका तुकड्यात, समोरून उघड्या बंडीसारखा. एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम भरला. बाबांनी तो हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिला.

"कुठेही सुटलेला दोरा नाही," ते म्हणाले.

गुंडीनं तीस मिनिटांत डोळे उघडायला हवे होते. तिला सत्तर लागली.

"मी हिला इथे ठेवून घेऊ शकते," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण पिंजऱ्यात ही अजून घाबरेल, आणि मी करणार तेच तुम्ही घरी करू शकता. शंभर मिली सलाइन कातडीखाली दिलंय. शिरेतून दिलेलं वेगळं. ते कुठून तरी बाहेर यायला हवं. आत्ता एक वाजलाय. उद्या एकपर्यंत हिनं लघवी केली तर आपण पुढचं बोलू."

"आणि नाही केली तर?" मी विचारलं.

"तर मला फोन करा. तिला परत इथे आणू नका, मी घरी येईन. शेवटचं तिच्या जागीच होऊ दे."

बाबांनी खाली पाहत विचारलं, "किती झाली पाहिजे?"

"चमचाभर झाली तरी मला आनंद आहे, मास्तर."

रस्त्यात बाबा म्हणाले, "सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणी मुतावं म्हणून जीव टांगणीला लागलाय."

घरी मी मागची लहान खोली रिकामी केली. तिचा ट्रे धुऊन कडकडीत वाळवला, त्यात नवी कोरडी वाळू भरली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: एक हजार आठशे चाळीस ग्रॅम. तिच्या अंगाखालचा टॉवेल: दोनशे पंधरा. ट्रेत नाही तर टॉवेलवर, कुठेही झालं तरी काट्याला कळणार होतं. फरशीवर कागद अंथरले.

केस गेल्यावर ती पुष्कळ लहान दिसत होती. कातडी फिकट गुलाबी, बरगड्या मोजता येतील अशा. ती थरथरत होती.

"हिला थंडी वाजतेय," बाबा म्हणाले, आणि वरून कात्रीची गुंडाळी काढायला सांगितली.

तिला कोट शिवायला त्यांच्या जुन्या शर्टाचं फ्लॅनेल होतं. ते कापड घेऊन ते सवयीनं न्हाणीघराकडे वळले. दारात गेले, बादलीकडे पाहिलं, आणि कोरडं कापड घेऊन परत आले. मी काही पाहिलं नाही असं दाखवलं. त्यांनी मापं तोंडी सांगितली, मी खडूनं आखलं. ते आखत बसले असते तर रेघ नागमोडी आली असती. कात्री त्यांनी माझ्या हातात दिली. आजवर ती दुसऱ्या कुणी धरलेली त्यांना खपली नव्हती.

"अंगठा वर. पातं कापडावरून उचलू नकोस. घाई काय आहे?"

"घाई नाही."

"मग श्वास घे की."

पुढचे पाय बाहेर येतील अशी दोन भोकं, पाठीवर बांधायला बंद. दीड तासात झालं. गुंडीनं अंगावर घालू दिलं, मान वळवून वासही घेतला नाही. संध्याकाळी सहाला ट्रे एक हजार आठशे चाळीस. टॉवेल दोनशे पंधरा.

बाबा तिच्याशी बोलत बसले होते, नेहमीसारखं दोन्ही बाजूंनी.

"काय गं, पाणी पितेस का? नको म्हणते. थोडं? थोडं चालेल म्हणते." चमच्यानं पाणी तिच्या ओठांना लावलं. ते हनुवटीवरून खाली ओघळायला लागलं. त्यांनी ते टॉवेलवर पडायच्या आत स्वतःच्या बाहीनं टिपलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुझं वजन बिघडेल."

सकाळी आठला काट्यावर एक हजार आठशे बेचाळीस आले.

बाबा उठून उभे राहिले. "दोन वाढले!"

"थांबा."

"दोन ग्रॅम म्हणजे किती गं? अर्धा चमचा? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या चमचाभर. सुरुवात तर झाली."

मी वाळू बोटानं चाचपली. कोरडी होती. ट्रे खाली उतरवला, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवला. एक हजार आठशे चाळीस. पुन्हा: एक हजार आठशे एक्केचाळीस. पुन्हा: एक हजार आठशे चाळीस.

"हा काटा एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, बाबा. स्वयंपाकघराचा आहे."

"मग बेचाळीस खरं आणि चाळीस खोटं, असंही असेल की."

"असू शकतं," मी म्हणाले. हे शास्त्राला धरूनच होतं. ते बसले.

दहा वाजता काकू खाली आल्या, दारातूनच पाहिलं. "अगंबाई, कोट छान झालाय की," म्हणाल्या, आणि आपल्या चपला घालून हळू वर गेल्या.

अकराला गुंडीनं एकदा उठायचा प्रयत्न केला. बाबांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, ट्रेत ठेवलं, मागून आधार दिला. ती वाळूत उभी राहिली. बाबा तिच्या कानाशी हळू आवाजात म्हणत होते, "कर गं. कर माझी बाय. घाई नाही कुणाला." हात थरथरत होते आणि त्यांच्याबरोबर तीही. चार मिनिटांनी तिचे मागचे पाय दुमडले. बाबांनी तिला परत टॉवेलवर आणलं, पोटाखाली हात फिरवून पाहिला, आणि तळहात माझ्यासमोर धरला. कोरडा होता.

"तू बघ," ते म्हणाले. "मला नीट कळत नाही आता हातानं."

मी पाहिलं. मग आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. बाबा फारसं बोलले नाहीत. तिच्या वतीनंही नाही.

एक वाजायला दोन मिनिटं असताना मी काटा आणला, सपाट फरशीवर ठेवला, शून्य केला. बाबांनी स्वतः ट्रे उचलून त्यावर ठेवला, आणि आकडा हलू नये म्हणून दोन्ही हात मागे घेऊन पाठीशी धरले.

मी तीनदा मोजलं. ट्रे: एक हजार आठशे चाळीस, एक हजार आठशे चाळीस, एक हजार आठशे चाळीस. टॉवेल: दोनशे पंधरा.